एकटा असशील तर ओव्हन

पुणे, मंगळवार

चि. सोन्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझा मेसेज मिळाला. "मावशी, मटार करंजीची रेसिपी पाठव ना." उत्तर मोबाइलवर चार ओळींत टाकता आलं असतं, पण मी मुद्दाम कागद घेऊन बसले आहे. फोनवर सांगितलेलं तू ऐकत नाहीस, नुसता हं हं करतोस. पत्राचा निदान फोटो काढून ठेवशील आणि पीठ मळताना उघडशील. आणि मला नुसती करंजी सांगायची नाहीये.

गेल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर तू पापड तळत होतास. मध्येच फोन उचललास आणि "थांब, तुला समुद्र दाखवतो" म्हणून खिडकीकडे गेलास. समुद्र छान आहे रे, पण माझं सगळं लक्ष मागे तेलात. पापड जराशा तेलात होतात, करंज्यांना भांडंभर तेल लागतं. म्हणून आधीच सांगते, मग हवी तेवढी कृती विचार. घरात एकटा असशील त्या दिवशी करंज्या ओव्हनमध्ये भाजायच्या. तळायच्या त्या तुझा तो केरळचा मित्र किंवा आणखी कोणी घरात असेल तेव्हाच. एकाने लाटायच्या, दुसऱ्याने तळायच्या. तळणाऱ्याने शेगडीसमोरून हलायचं नाही, दारावरची बेल वाजो की आईचा फोन येवो. आईला मी सांगून ठेवते.

आता हसशील. मावशीचं वय झालं म्हणशील. म्हण. तुझ्या आजोळच्या वाड्यात दिवाळीचं तळण चार घरांचं एकत्र व्हायचं. स्टोव्ह जमिनीवर, कढई त्यावर, आणि आम्हा पोरांना उंबरा ओलांडायची बंदी. ज्या काकू तळायला बसायच्या त्यांच्या डाव्या मनगटावर रुपयाएवढा पांढुरका डाग होता. एक करंजी तेलात फुटली होती, एवढंच. काकू तळणात पन्नास वर्षं मुरलेल्या, तरी करंजी सोडताना हात नेहमी कढईच्या काठाशी न्यायच्या, वरून कधी टाकायच्या नाहीत. आम्हाला वाटायचं ही त्यांची लकब.

करंजी का फुटते, ते समजून घे. तू इंजिनीअर होतो आहेस, तुला कारण सांगितलं की पटतं. पाण्याची वाफ झाली की ती दीड हजार पटींहून जास्त जागा मागते. करंजीच्या पोटात ओलं सारण असेल आणि कड नीट मिटलेली नसेल, तर ती वाफ कडेतून वाट काढते, सारण तेलात उतरतं आणि तेल अंगावर उडतं. म्हणजे चांगली करंजी आणि शाबूत हात, दोन्हींचं मूळ एकच. सारण कोरडं हवं आणि कड पक्की हवी.

इथे सध्या मटार स्वस्त झाला आहे. पुरंदरचा मटार पावसाळ्यातच येऊन जातो. आता थंडीत मंडईत दिसतो तो बहुतेक मध्य प्रदेशाकडचा, दाणा मोठा आणि गोड. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून तुझ्या काकांना वाचन बंद, म्हणून मी त्यांच्यापुढे शेंगांची पिशवी ठेवते. किलोभर शेंगांचे दाणे तसेही अर्ध्याच्या आसपास भरतात, त्यातले ते सोलता सोलता तोंडात टाकतात. ऑपरेशन छान झालं, काळजी करू नकोस. आता त्यांना भिंतीवरचे डाग दिसायला लागले आहेत आणि रंगकाम काढू या म्हणतात.

तुला शेंगा सोलायची गरज नाही. तिकडचे फ्रोजन मटार उत्तम असतात आणि गोठवण्याआधी ते गरम पाण्यातून काढलेले असतात, त्यामुळे पुन्हा उकडू नकोस. तीन वाट्या दाणे बाहेर काढून ठेव, सुटलेलं पाणी फेकून दे, स्वच्छ फडक्यावर पसरून वरून दुसऱ्या फडक्याने टिपून घे. मग मिक्सरमधून एकदोन वेळा थांबून थांबून फिरव. भरड हवं. काही दाणे अर्धे राहिले तरी चालतील, पण अख्खा दाणा नको, तो लाटीतून टोक काढतो. पेस्ट झाली तर मात्र त्याचं सूप कर आणि नवं पाकीट फोड.

कढईत दोन चमचे तेल, जिरं, हिंग जरा सढळ, मग आलं आणि हिरवी मिरची एकत्र ठेचलेली. त्यावर मटार. झाकण ठेवायचं नाही. झाकण ठेवलं की वाफेचं पाणी परत आत पडतं आणि आपण टिपलेलं सगळं वाया. मध्यम आचेवर परतत राहा, कच्चट वास जाऊन सारण कढईच्या कडा सोडायला लागलं की मीठ, चिमूटभर साखर आणि अर्धी वाटी खोबरं. तिकडे ओला नारळ महाग पडत असेल तर सुक्या खोबऱ्याचा कीस घे, तो ओलसरपणा शोषतो म्हणून तुझ्यासाठी तोच बरा. फक्त पाकिटावर वाच, साखर लावलेला नको. लिंबू गॅस बंद केल्यावर. अरे, गॅस कुठला, तुझी ती काचेची शेगडी. कोथिंबीर सगळ्यांत शेवटी, धुऊन अगदी कोरडी केलेली. इतकं करूनही सारण हाताला ओलं लागलं तर चमचाभर डाळं दळून घाल किंवा भाजलेला रवा. मग ताटात पसरून पूर्ण गार होऊ दे. कोमट चालणार नाही, बोट घालून बघ. गरम सारण लाटीला आतून मऊ करतं आणि कड चिकटत नाही.

गरम मसाला घालायचा का, हे तू विचारणारच. आमच्याकडे घालत नाहीत. शेजारच्या वहिनी घालतात, बडीशेपही घालतात आणि त्यांच्या करंज्या सगळे मिटक्या मारत खातात. मला त्यात मटाराची चव सापडत नाही. तुला हवं ते कर.

पारीसाठी दोन वाट्या मैदा आणि पाव वाटी बारीक रवा. मैदा म्हणजे तिकडचं साधं पीठ. "सेल्फ रेझिंग" लिहिलेलं पाकीट उचलू नकोस, त्यात बेकिंग पावडर असते, पारी भलतीकडे फुगेल आणि कड सुटेल. मीठ घाल, मग चार मोठे चमचे तेल चांगलं तापवून पिठात ओत. हे मोहन. आधी चमच्याने हलव, हात नंतर. पीठ मुठीत दाबलं की मुटका वळला पाहिजे. नाही वळला तर चमचाभर तेल आणखी. पाणी थोडं थोडं घालत घट्ट मळ, पोळीच्या कणकेहून बरंच घट्ट. हात दुखले पाहिजेत. पूर्वी हे पीठ पाट्यावर वरवंट्याने कुटायचे. ओल्या फडक्याखाली अर्धा तास ठेव, रवा भिजतो आणि पीठ आपोआप वळणावर येतं.

त्या अर्ध्या तासात ओटा आवर. तळायच्या वेळी शेगडीजवळ कागद, फडकी, प्लास्टिकच्या पिशव्या काही नको. आणि मी दिलेली लोखंडी कढई करंज्यांसाठी काढू नकोस. ती गोल बुडाची आहे. आपल्या गॅसच्या जाळीवर ठाण बसते, तुझ्या सपाट काचेवर डुगडुगेल. जाड, सपाट बुडाचं खोलगट पातेलं घे, त्याचा दांडा आतल्या बाजूला वळव. तेल एक तृतीयांशाच्या वर नको. करंज्या टाकल्या की तेल चढतं, त्याला जागा ठेव.

आणखी एक, विजेच्या शेगडीचं. गॅस बंद केला की ज्योत त्या क्षणी जाते. तुझी शेगडी बंद केली तरी काच बराच वेळ तापलेली राहते आणि तेल तापतच राहतं. म्हणून आच कमी करायची ती आधीच, तेल धुरकट व्हायची वाट न बघता. धूर दिसला तर बंद कर आणि पातेलं जिथे आहे तिथेच राहू दे. उचलून सिंककडे न्यायचा विचारसुद्धा नको. आणि पाणी तर कधीच नाही. वाफेचं मघाशी लिहिलं ना, पेटत्या तेलावर पाणी पडलं की तीच वाफ जळतं तेल छतापर्यंत उडवते. तेल पेटलंच तर जमलं तर शेगडी बंद कर, नाही तर तेही सोड, बाहेर पड, दार ओढून घे आणि ९९९ फिरव. स्वयंपाकघर जळालं तर जळू दे. घरमालकाचं आहे, तो बघेल.

हे लिहिताना हात जड झाला, म्हणून उठून चहा करून आले.

तर लाटीकडे. पिठाच्या सुपारीएवढ्या वीसेक लाट्या कर आणि एक लाटताना बाकीच्या झाकलेल्या ठेव. वाळलेल्या लाटीला चिरा पडतात, चिरेतून सारण गळतं. पुरी पातळ पण कडेला थोडी जास्त पातळ, कारण तिथे दोन पदर एकत्र येतात. सारण एका बाजूला दीड चमचा. इथे तुझा हावरटपणा आवर, दोन चमचे मावतील असं वाटतंच. कडेला अर्ध्या भागाला बोटाने पाणी किंवा दूध लाव, पुरी दुमड, आणि मिटण्याआधी सारणाभोवती बोटांनी हलकं दाबून आतली हवा बाहेर काढ. ही हवा पुष्कळ जण विसरतात. मग कड घट्ट दाब, कातणं फिरव. कातण्याने कड कापली जाते आणि दाबलीही जाते, पण त्याच्यावर पूर्ण भिस्त ठेवू नकोस, आधी बोटांनी दाबलेलंच खरं. कातणं नसेल तर काट्याने दाब. मुरड घालता आली तर सगळ्यांत उत्तम, ती कधी सुटत नाही. गौरींच्या पाठवणीला तुझी आजी मुरडीचे कानवले करायची ते आठवतं? तू ताटापाशी बसून मुरडीच मोडून खायचास आणि पोटातलं पुरण सोडून द्यायचास.

तू कॉर्नवॉलला गेल्यापासून मी त्या भागाबद्दल वाचत असते. तुझं कॅम्बोर्न स्कूल ऑफ माइन्स १८८८ सालचं, हे तू मला कधी सांगितलं नाहीस. आणि तुम्ही जी पेस्टी दुपारी विकत घेऊन खाता, तीही आपल्या करंजीच्याच घरातली की. अर्धगोल, पोटात सारण, कडेला मुरड. फोटो पाहून मी काकांना दाखवला, ते म्हणाले ही तर करंजीची पैलवान बहीण. २०११ साली तिला युरोपात भौगोलिक मानांकन मिळालं, आपल्या हापूसला आहे तसं. मुरड बाजूलाच हवी, आत गोमांस, बटाटा, कांदा आणि सलगमासारखा तो कंद, असं सगळं ठरवून दिलेलं. तू त्यातली भाजीवालीच घेतोस हे मला माहीत आहे, आईलाही सांगितलं आहे.

खाणीत उतरणारे लोक ती डब्यासारखी बरोबर न्यायचे. मुरड धरून खायची आणि हाताला खाणीतलं विष लागलेलं असायचं म्हणून ती टाकून द्यायची, असं तिकडे सांगतात म्हणे. जुन्या फोटोंत मात्र लोक पेस्टी फडक्यात किंवा कागदात धरून टोकापासून टोकापर्यंत खाताना दिसतात. माझं मत फडक्याच्या बाजूने. भुकेला माणूस इतकी चांगली मुरड टाकून देईल हे मला पटत नाही. हेच खाणवाले १८२० नंतर मेक्सिकोतल्या चांदीच्या खाणींत गेले आणि तिथल्या इदाल्गो प्रांतात पेस्टी अजून करतात, आत मिरची, राजमा असलं काहीबाही घालून. आपल्या कोलारलाही ते होतेच. १८८० पासून तिथल्या सोन्याच्या खाणी ज्या जॉन टेलर कंपनीकडे होत्या, तिने कॉर्नवॉलची पुष्कळ माणसं आणली. कोलारची खाण २००१ साली बंद झाली. तिथल्या बंगल्यांत कोणी पेस्टी भाजत असेल का, हा प्रश्न मला पडतो, तू तुझ्या सरांना विचार.

पण हे सगळं लिहिण्यात माझा स्वार्थ आहे. ती पेस्टी कोणी तळत नाही! सारण कच्चंच भरतात, पाऊण तासाच्या आसपास ओव्हनमध्ये ठेवतात, आतल्या आत भाज्या स्वतःच्या वाफेत शिजतात. जाड पारी ती वाफ सांभाळते. आपली पारी पातळ, म्हणून सारण आधी शिजवून कोरडं करावं लागतं. भट्टीतली करंजी म्हणजे करंजीच नव्हे असं म्हणणाऱ्या बायका आमच्या भिशीत आहेत. त्यांनी तुझ्या गावी जाऊन बघावं.

ओव्हनसाठी मोहन दोन चमचे जास्त घाल, नाहीतर पारी दाताला चिवट लागते. ओव्हन १९० अंशांवर आधी तापव. करंज्यांना दोन्ही बाजूंनी तेलाचा हात लाव, ट्रेमध्ये सुट्या ठेव, पंचवीस ते तीस मिनिटं, मध्ये एकदा उलट. रंग तळलेल्यासारखा एकसारखा येणार नाही, खालची बाजू जास्त तांबूस होते. चव मात्र बरी लागते, मी परवा करून पाहिल्या. काकांनी खाल्ल्या आणि "तळलेल्या कधी करणार?" विचारलं. ते काही प्रमाण धरू नकोस.

आणि दोघं असाल त्या दिवशी तळा. तेल मध्यम तापलेलं हवं, १६० ते १७० अंश. थर्मामीटर नसेल तर पारीचा चिमूटभर गोळा टाक. तळाला जाऊन सावकाश वर आला की तेल झालं. टाकल्या टाकल्या उसळून तांबडा झाला तर तेल फार तापलं, शेगडी बंद करून थांब. झारा कोरडा हवा, धुऊन तसाच घालू नकोस. करंजी झाऱ्यावर ठेवून काठाने तेलात सोड, काकूंसारखी. एका वेळी तीन, फार तर चार. झाऱ्याने वरून तेल उडव, पारीवर बारीक फोड येतील, मग उलट. एखादी करंजी कडेला उघडलेली दिसली तर ती तळायचीच नाही. बाजूला ठेव, तव्यावर भाज, नाहीतर कच्चीच फेक. एका करंजीचा लोभ नको.

अंगात घट्ट बाह्यांचा सुती शर्ट घाल. तिकडे थंडी म्हणून तू तो लोंबणाऱ्या बाह्यांचा फ्लीस दिवसभर घालून फिरतोस, तो तळताना नको. आणि चटका बसलाच तर लगेच नळाच्या गार वाहत्या पाण्याखाली वीस मिनिटं हात. घड्याळ लावून वीस. हातातलं कडं लगेच काढ, नंतर सूज येते. बर्फ नको, टूथपेस्ट नको, आणि मी कधी हळद लावायची म्हटलं होतं तेही विसर, डॉक्टर ओरडतात. फोड मोठा असेल तर लाजू नकोस, १११ ला फोन कर.

इथे संक्रांतीचं हळदीकुंकू यायला लागलं आहे. सोसायटीच्या पुनर्विकासाची पुन्हा बैठक झाली, पुन्हा भांडण झालं, बिल्डरने दिलेलं सरबत मात्र सगळ्यांनी प्यायलं. तुझ्या आईच्या गुडघ्याला आता बरं आहे, पण ती तुला खरं सांगणार नाही, म्हणून मी सांगते, जिने अजून एक एक पायरी करत उतरते. तू तिला शनिवारी सकाळी फोन करत जा, तिच्या चहाच्या वेळी. करंज्या झाल्या की पहिला फोटो तिला पाठव. मला नंतर चालेल. खरं तर चालणार नाही, पण तिला आधी पाठव.

पलीकडच्या इमारतीतला मुलगा फेब्रुवारीत लंडनला येतो आहे. त्याच्याबरोबर पितळी कातणं, हिंगाची डबी, बारीक रव्याची पुडी आणि काकांच्या आग्रहाने तिळाच्या वड्या पाठवते. तो पार्सल पोस्टात टाकेल, तुझा पूर्ण पत्ता पिनकोडसकट मला कळव.

काकांचे आशीर्वाद. प्रकृतीला जप, झोप पुरी घे.

तुझी
मावशी

ता. क. तळून उरलेलं तेल पूर्ण गार झाल्याशिवाय हलवू नकोस आणि सिंकमध्ये ओतू नकोस, तिकडच्या थंडीत नळीत गोठून बसेल. गाळून बरणीत भर, एकदा फोडणीला वापर, मग कचऱ्यात. आणि छताला ते धुराचं यंत्र आहे ना, फार पिकपिक करतं म्हणून कोणी त्याची बॅटरी काढून ठेवली आहे का, ते आज बघ आणि मला सांग.